बोटांवरचा नंबर

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. बोलत नाही, लिहायला म्हणाल तर स्वतःचं नाव आणि आकडे, बस्स. गावातल्या शाळेत चार वर्षं त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि मग कुणीच बसवलं नाही. त्याच्या खुणा आमच्या घरापुरत्या. वडील म्हणजे मिशी, आई म्हणजे कुंकू, मी म्हणजे वटारलेले डोळे. या खुणेवरून मी लहानपणी रडले होते. आता वाटतं, बरोबर ओळखलं होतं त्यानं.

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात मी शिकवते ती जालन्यातली शाळा बंद झाली आणि मी अंबड तालुक्यातल्या माहेरी येऊन राहिले. तेव्हा कळलं की भाऊ त्या चिनी ॲपवर व्हिडिओ टाकतो. लहान लहान व्हिडिओ बनवायचे आणि लोकांनी बघायचे, असं ते ॲप. याला गाणं ऐकू येत नसल्यामुळे हा चित्र बघून कुठलंही लावायचा. पाठीवर फवारणीचा पंप, आणि वर हळदीचं गाणं! सगळं गाव हसायचं. त्याला वाटायचं, आपलं काम आवडलं. मी काही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

मग ती आली. त्या ॲपवर दुसऱ्याच्या व्हिडिओला आपला जोडता यायचा, पडद्याच्या निम्म्यात तो आणि निम्म्यात आपण. यानं कापसाच्या पऱ्हाटीशी भांडण केलं की ती तिकडं पऱ्हाटी होऊन उत्तर द्यायची. तीही बहिरी. तिच्यामागं पत्र्याचं शेड असायचं आणि लांब एका कारखान्याचं धुराडं. तिची खूण होती कानाच्या पाळीला चिमटीत धरणं, डूल म्हणून. इतकी वर्षं या पोराला आम्ही मुकं समजत होतो आणि तो तिच्याशी तासन्‌तास बोलत होता. आई एकदा चुलीपुढून उठून बघायला आली आणि म्हणाली, "किती बोलून राह्यलाय गं हा!" आणि पदर डोळ्यांना लावला.

एका सकाळी तो धावत माझ्याकडे आला. फोन माझ्यापुढं धरून त्यानं खुणेनं सांगितलं, तिनं व्हिडिओत बोटांनी पटापट दहा आकडे दाखवले होते. फोन नंबर. त्यानं मला व्हिडिओ कॉलची खूण केली, खुंटीवरच्या कॅलेंडरवर नंबर लिहून ठेवायला पेन घेतलं, आणि मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

का? तर आमच्याकडं रीत आहे. मुलीकडच्यांनी स्थळ घेऊन यायचं, मुलाकडच्यांनी ओसरीत बसून चहा पाजायचा. मुलाकडचे आधी गेले की लोक म्हणतात, पोरात काहीतरी खोट असेल. आमच्या पोरात खोट होतीच, म्हणून तर रीत जास्तच कडक पाळायची. वडिलांना मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "आपुन पोराकडचे. आपुन आधी फोन करायचा न्हाई. त्यांच्या मनात असलं तर येतीन बराबर." मला ते पटलं. शिकलेल्या बाईला पटलं, हे लिहितानाही लाज वाटते. भावाला मी खुणेनं सांगितलं, लिहू नको, व्हिडिओ कुठं पळून जातोय? फोनमध्येच आहे की. त्यानं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडं नेली. म्हणजे बघून ठेवतो.

थोड्याच दिवसांत चीनच्या सीमेवर आपले जवान मारले गेले. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा फौजेत आहे, त्याची आई दोन दिवस जेवली नाही. मग एका संध्याकाळी टीव्हीवर आलं, देशाच्या सुरक्षेसाठी चिनी ॲप बंद. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आणि वर स्टेटसही ठेवलं. भावाला काही कळलं नाही, पण मी आनंदात आहे म्हणून त्यानंही वाजवल्या.

एक-दोन दिवसांत त्याच्या फोनवर फक्त इंग्रजीत एक सूचना उरली. त्याला वाटलं रेंज गेली. तो शेताच्या बांधावर गेला, गच्चीवर गेला, फोन धुतल्यासारखा पुसला. शेवटी मी त्याला जुन्या जालन्यात मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार मारवाडी, चार पिढ्यांपासून इथलाच. त्याच्या पाटीवर चिनी कंपनीचं नाव होतं, त्यावर त्यानं चादर टाकली होती. आत कपाटात फोन मात्र तेच.

"ताई, बंद म्हंजे बिलकुल बंद," तो म्हणाला. "वरून ऑर्डर हाय. सुक्यासंगं ओलं बी जळतंच."

भावाला हे सांगायचं कसं? आमच्या घरच्या खुणांत देश नव्हता, सुरक्षा तर नव्हतीच. मी हातानं डोंगर केला, बंदूक केली, पडलेला शिपाई केला. त्यानं टीव्हीवर बघितलं होतं. तो दुकानातच ताठ उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला. मग फोनकडं बोट, स्वतःच्या छातीकडं बोट, आणि दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली, बेडी घातल्यासारखी. म्हणजे, "मी काय केलं?"

सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. शेजारणीचं तोंड बघितलंय मी. पण तिथं एक दार बंद झालं आणि त्या दाराला टेकून माझा भाऊ बसलेला होता, हे कुणाला माहीत असणार?

ती येईल म्हणून आम्ही दिवाळीपर्यंत वाट बघितली. येणार कुठून? तिला तरी आमचं गाव कुठं माहीत होतं! तिनं नंबर दिला आणि याचा फोनच गेला नाही. तिला काय वाटलं असेल, याचा मी विचार टाळते, आणि तोच रोज येतो.

दिवाळीनंतर वडील एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले. "चला. आपुनच जाऊ आधी. जातपात, रीतभात मंग बघू." धुराडं म्हणजे साखर कारखाना, एवढाच धागा. जवळचा म्हणून आम्ही अंकुशनगरच्या कारखान्यावर गेलो. ऊस तोडणाऱ्यांच्या पालांपुढून वडील चालत होते, कुणासमोर कधी न वाकलेला माणूस, आणि प्रत्येक बाईला कानाची पाळी धरून विचारत होते, "अशी खूण करणारी, ऐकू न येणारी पोरगी हाय का हो इथं?" बायका हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "मागल्या साली एक व्हती अशी. ती टोळी औंदा दुसऱ्या कारखान्यावर गेली. कुठल्या, काय म्हाईत." तीच होती का, तेही कळायला मार्ग नव्हता. पुढं कधी कुणाचं स्थळही आलं नाही.

भावानं नंतर निघालेली सगळी देशी ॲप घेतली. प्रत्येकावर एकच व्हिडिओ टाकतो, कानाची पाळी धरलेला. गाणं अजूनही भलतंच असतं.

मी सुटीत गेले की तो मला समोर बसवतो आणि बोटं उघडायला लागतो. एक आकडा, दुसरा, तिसरा. सहा येतात, दरवेळी तेच सहा. सातव्याला हात हवेत थांबतो आणि तो माझ्याकडं बघतो, कारण त्या सकाळी पडद्यासमोर आम्ही दोघं होतो. मी मान हलवते. मला एकही आकडा आठवत नाही. मी तेव्हा पडद्याकडं बघितलंच नव्हतं, त्याच्या हातातल्या पेनाकडं बघत होते.