न सापडणारा ठिपका

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, रक्कम एकशे ऐंशी रुपये. हजर तिघे: मी, बायको आणि नारायण पेठेतले दुकानदार. वस्तू म्हणजे पेनाएवढी, लाल लेझरची बॅटरी. सेल त्यातच धरलेत ना, हे मी दोनदा विचारून घेतलं.

"मांजरासाठी नेताय?" दुकानदारांनी विचारलं.

"कुत्र्यासाठी. फार धावायला लागतं त्याला."

"मग त्याच्याबरोबर आपणही धावा. फुकट पडेल."

मी पैसे दिले.

कुत्रा लेकीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तिने तो आमच्याकडे ठेवला आणि एकच अट घातली, त्याला रोज दमेपर्यंत फिरवायचं. मी कबूल केलं. माझा गुडघा दुखतो आणि धायरीतल्या आमच्या रस्त्याला चालायला जागा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण कबूल केलं तेव्हाही त्या खऱ्याच होत्या.

लेझरने सगळं सोपं झालं. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकायची, एका हातात चहा, दुसऱ्या हातात बॅटरी. ठिपका टाकीवरून कठड्यावर, कठड्यावरून जिन्याच्या दारावर, आणि कुत्रा त्याच्या मागे. चहा संपेपर्यंत त्याची जीभ बाहेर आलेली असे.

"बाबा, दमवलंस ना त्याला?" लेक फोनवर विचारायची.

"अगदी," मी म्हणायचो. आपण खोटं बोललो नाही, याचं मला समाधान वाटे.

मग तो भिंतीकडे बघत बसू लागला. माझ्या घड्याळाच्या काचेची तिरीप भिंतीवर पडली की झेपावायचा. बायकोने डब्याचं झाकण उचललं, त्याची चमक छतावर हलली, की खाणं अर्धवट टाकून उड्या मारायचा. मला गंमत वाटली. मी त्याचा व्हिडिओ काढून लेकीला पाठवलासुद्धा.

एका सकाळी ताटाच्या चमकेमागे झेपावताना तो कपाटावर आदळला. पुढच्या पायाचं एक नख निघालं. फरशीवर रक्त पडलं होतं, आणि तो त्याच पायावर उभा राहून छताकडे बघत होता.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या. पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "काका, लेझर वापरता का घरी?"

मी हो म्हणालो.

"तो ठिपका त्याला कधी सापडला?"

"सापडणार कसा?"

"तेच तर. इतका धावतो आणि तोंडात काही येत नाही. मग दिवसभर शोधत राहतो. काठीला दोरी बांधा, दोरीला कापड, आणि ते फिरवा. तुम्हाला फार चालावं लागणार नाही. फक्त शेवटी त्याला ते पकडू द्या."

"हे भिंतीचं जाईल?"

"कमी होईल. वेळ लागेल."

त्याचा पाय बरा झाल्यावर मी माळ्यावरून काठी काढली.

"अहो, ती गुढीची आहे," बायको म्हणाली.

"धुऊन ठेवीन."

"कशाला? पाडव्याला तिच्यावर त्यालाच चढवा."

मी काठी परत ठेवली आणि प्लंबरकडून पाइपचा तुकडा आणला. ऑफिसच्या जुन्या शर्टाची बाही फाडून दोरीला बांधली. कुत्रा धावला, पण तो जवळ आला की माझा हात आपोआप बाही उचलून घेई. इतक्या दिवसांची सवय. चार-पाच वेळा असं झाल्यावर तो थांबला. माझ्याकडे न बघता त्याने टाकीच्या भिंतीकडे तोंड केलं.

मी पाइप खाली टेकवला. बाही फरशीवर स्थिर पडून राहिली. बऱ्याच वेळाने तो वळला, आला, आणि ती दातांत धरून जोरजोरात झटकू लागला.

त्या रात्री मी लेकीला सगळं सांगितलं.

"तो व्हिडिओ मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता रे," एवढंच म्हणाली.

भिंतीकडे तो अजूनही बघतो, पण पूर्वीइतका नाही. डॉक्टरांना साडेसहाशे दिले. बाही कुत्र्याला दिली. दोरीला आता त्याच शर्टाची दुसरी बाही आहे, आणि रोज संध्याकाळी ती त्याला मिळते.