तेल कुठं जात होतं

वडील वारल्यावर त्यांची जुनी मोटार माझ्याकडं आली, आणि मोटारीबरोबर मामाही आले. मामा नात्यातले नव्हेत. वडील वकील होते. त्यांच्याकडं ते बारा वर्षं ड्रायव्हर होते, म्हणून आम्ही भावंडं त्यांना मामा म्हणत असू. मी हैदराबादेत डॉक्टरकी शिकून आले होते आणि धाराशिवात बायकांसाठी लहानसा दवाखाना घातला होता. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, पण बोलण्यात धाराशिवच. खेड्यातून बाळंतपणाचं बोलावणं आलं की मी बॅग घ्यायची आणि मामांनी मोटार काढायची, असं आमचं चाललं होतं.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल परवान्यावर मिळे, आणि इंजिनात घालायचं चांगलं तेल तर परवान्यावरही मिळायची खात्री नसे. नेमकी त्याच दिवसांत मोटार तेल प्यायला लागली. आधी महिन्यातून एकदा थोडं घालावं लागे, ते आठवड्यावर आलं. पुढं तर तुळजापूरला जाऊन आलं की मामा दारात उभे राहून सांगत, बाई, परत तेल लागतंय.

माझ्या कंपाउंडरनं एके दिवशी दबक्या आवाजात सांगितलं, की मामांना डबा घेऊन बाजाराकडं जाताना त्यानं दोनदा पाहिलंय. तेलाला सध्या सोन्याचा भाव आहे, एवढंच तो पुढं बोलला. मी त्याला गप्प बसवलं, पण ते माझ्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तेलाचा डबा औषधांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मामांना म्हणाले, आता तेल मी स्वतः मोजून देत जाईन. त्यांनी मान हलवली. का म्हणून विचारलं नाही.

तेल तरीही कमी होतच राहिलं. तेव्हा तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण संशय एकदा शिरला की त्याला वाटा सापडतात; मला वाटलं, हे इंजिनातूनच काढून घेत असतील. माझं वागणं तुटक झालं. पूर्वी वाटेत आम्ही खूप बोलायचो, ते बंद पडलं.

आठ-दहा दिवसांनी मामा टोपी हातात घेऊन माझ्यासमोर आले. म्हणाले, "बाई, येडशीला एक मिस्त्री हायत. पूर्वी रेल्वेत फिटर व्हते. गाडी त्यांच्याकडं नेऊ. तुम्हीबी संगं चला. तेल कुठं जातंय ते गाडीच सांगंल."

मला संगं नेण्याचा अर्थ मला कळला, आणि लाज वाटली. तरी मी गेले.

मिस्त्री साठीच्या पुढचे होते, पांढरी दाढी, स्टेशनापासून जवळच त्यांचं घर आणि अंगणात कडुलिंबाखाली काम. मी डॉक्टर आहे कळल्यावर म्हणाले, मग तुम्हाला समजावून सांगायला सोपं जाईल. तेल दोनच वाटांनी जातं, एक तर गळतं, नाही तर जळतं. आधी त्यांनी इंजिनाचं पोट रॉकेलनं पुसून काढलं, खाली जुनी पांढरी चादर अंथरली आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. चादरीवर तीनच ठिपके पडले. म्हणजे गळती नव्हती.

मग त्यांनी मला मागं आपल्याशेजारी बसवलं आणि मामांना मोटार बार्शीच्या बाजूच्या घाटात उतरवायला सांगितली, पेट्रोलच्या पट्टीवरून पाय अगदी काढून. उतार संपला तसं ते म्हणाले, "आता दाबा. बाई, मागं बघा." मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्यावर निळसर धुराचा एवढा मोठा लोट उठला की मागची झाडं दिसेनात. मी इतके महिने पुढं तोंड करून बसत होते. माझ्याच गाडीचा धूर मी कधी पाहिला नव्हता.

"हे तुमचं तेल," मिस्त्री म्हणाले.

मामांनी गाडी येडशीकडं वळवली.

परत आल्यावर मिस्त्रींनी चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तीन कोरडे, तपकिरी. तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओला. हँडल मारून पाहिलं तर तिसरा सिलिंडर ढिला लागत होता. त्यांनी त्यात चमचाभर तेल सोडलं आणि हँडल माझ्याच हातात दिलं. आता ते चांगलं जड लागलं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ते म्हणाले. तेलानं घडीभर फट बुजली, म्हणून जोर आला. रोग्याला तपासावं तसं त्यांचं चाललं होतं, आणि मी विद्यार्थिनीसारखी उभी होते.

इंजिन उघडल्यावर सगळं दिसलं. एक रिंग तुटलेली, बाकीच्या काळ्या चिकट राळेत घट्ट बसलेल्या. मिस्त्रींनी ती राळ नखानं खरवडली, वास घेतला आणि विचारलं, "असलं तेल कुणी घातलं?"

ते मी आणलं होतं. चांगलं मिळेना म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं, वापरलेलंच गाळून पुन्हा विकलेलं. मामा तेव्हा नको म्हणाले होते आणि मी त्यांचं ऐकलं नव्हतं. हे मी मिस्त्रींना मामांच्या देखत सांगितलं.

मला परत न्यायला सर्व्हिस मोटार, म्हणजे प्रवाशांची बस, यायची होती. तिची वाट पाहताना मामा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं. मी तुमच्यावर वहीम घेतला."

ते म्हणाले, "इचारलं असतं तर सांगितलं असतं, बाई. गाडीतनं काढलेलं जुनं काळं तेल मी बाजारात बैलगाडीवाल्यांना द्यायचो, वंगणाला. तेवढंच. कुलूप लई लागलं मनाला."

सर्व्हिस मोटार आली, त्यांनी माझी बॅग वर दिली आणि कंपाउंडरला रागावू नका म्हणाले, त्यानं पाहिलं तेच सांगितलं.

नवी रिंग त्या दिवसांत मिळणं शक्यच नव्हतं. मिस्त्रींनी दुसऱ्या कुठल्या इंजिनाची मोठी रिंग घेऊन ती दोन दिवस कानशीनं घासून मापात आणली. तुटक्या रिंगेच्या तुकड्यानं पिस्टनच्या खाचा खरवडून साफ केल्या, तेल परतायची बारीक भोकं तारेनं मोकळी केली. इंजिनाच्या श्वासाची नळी मातीनं बुजली होती, तीही धुतली. मामा तिथंच राहिले, त्यांच्या हाताखाली. तिसऱ्या दिवशी मोटार दवाखान्यासमोर आली तेव्हा आवाजातच फरक होता.

त्यानंतर तुळजापूरला जाऊन आलो. मामांनी तेल बघायची सळई काढून, पुसून, पुन्हा बुडवून माझ्यासमोर धरली. तेल खुणेवर होतं तिथंच होतं. दोघंही हसलो, कित्येक दिवसांनी.

मिस्त्रींनी आपल्या सुनेची तपासणी करायला मला बोलावलं होतं. मी दर महिन्याला येडशीला जात राहिले, आणि मुलगी झाली तेव्हा ती माझ्याच हातावर आली. त्यांनी मोटार दुरुस्त केली म्हणून मी त्यांची ऋणी आहेच. पण मला मागं बसवून तो धूर माझ्या डोळ्यांना दाखवला, हे त्यांचं मोठं काम. मुकाट्यानं दुरुस्त करून दिली असती तर मी मामांबद्दल काय समजत राहिले असते, कोण जाणे.

आणि मामा. त्यांना दुसरीकडं काम मिळत होतं, हे मला नंतर कळलं. मी कपाटाला कुलूप घातलं त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्यानं त्यांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, तसा गेलो असतो तर चोर ठरून गेलो असतो, आणि तुम्हाला त्या बिघडलेल्या गाडीत एकटीला सोडवेना. पुढं सात वर्षं त्यांनी माझी गाडी चालवली, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात मलाही शिकवली.