तिकोणा पेठेतलं वाद्यसंग्रहालय आणि आबांची पाळी

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घराबाहेर काढायचं एवढ्यासाठी मी हा बेत आखला. गेल्या वर्षी कुरवंड्याच्या सप्ताहात वीणा गळ्यात घेऊन उभे असताना त्यांना चक्कर आली आणि लोकांनी घाईघाईत ती काढून घेतली. सप्ताहात रात्रंदिवस पाळ्या लावून वीणा गळ्यात घेतात, ती खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आबांचं ते पाया पडणं राहून गेलं. यंदा तर सप्ताहाच्या मंडळींनी "आबा, तुमी आता बसून ऐका" असं सांगून टाकलं. तेव्हापासून आबांचा घरात कुणाशी धड संवाद नाही.

नवऱ्याला शिफ्ट होती, म्हणून गाडी मीच काढली. लोणावळ्याहून जुन्या हायवेने कामशेत, तिथून उजवीकडे पवनानगर. शनिवार-रविवारी जाऊ नका, कॅम्पिंगवाल्यांच्या गाड्यांत अडकाल. आम्ही मंगळवारी गेलो. पवनानगरात जेवायला थांबलो तर शेजारच्या टेबलावर धरणातले ताजे मासे. आबा माळकरी, म्हणून मी गुमान पिठलं-भाकरी मागवली.

"मासं खा की," आबा म्हणाले. "माळ माज्या गळ्यात हाय, तुज्या न्हाई."

मी खाल्ले. तुम्हीही खा, तिखट जरा कमी सांगा.

संग्रहालय तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या वाटेच्या अलीकडे आहे. निवृत्त संगीतशिक्षिका वैशालीताईंनी राहत्या घराच्या तीन खोल्यांत ते मांडलंय. तिकीट नाही, दानपेटी आहे. सुट्टे पैसे ठेवा, कारण मोबाइलला रेंज नाही. संबळ, तुणतुणं, चौंडकं, हलगी, सगळं हातात घेऊन वाजवून बघता येतं. कानाला हेडफोन लावला की मावळातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकू येतात. एका ओवीच्या मधेच गाणारी मावशी शेळीला हाकलते आणि पुन्हा त्याच सुरात गायला लागते. मी ती तीनदा ऐकली.

हेडफोन काढला तर आबा खुंटीवरची वीणा गळ्यात घालून उभे. डोळे मिटलेले, बोट तारेवर. पुढची खोली बघायची होती, पण ते जागचे हलेनात.

"आबा, दमाल. ठेवा ना इथे टेबलावर," वैशालीताई म्हणाल्या.

"खाली न्हाई ठेवायची. कुनीतरी घ्या."

वैशालीताई पुढे झाल्या, पण आबा माझ्याकडे बघत होते.

"आबा, आपल्याकडे बायका कुठे उभ्या राहतात वीणेला?"

"न्हाई राहत. तू घे."

मी मान पुढे केली, त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. वाटली त्यापेक्षा जड होती. मी वाकून त्यांच्या पाया पडले, सवयीनेच. आणि मग भिंतीला हात टेकत आबा खाली वाकले. मी "अहो आबा" म्हणेपर्यंत त्यांचा हात माझ्या पायांना लागलाही होता. सासरे सुनेच्या पाया पडतात, हे मी कुठे पाहिलेलं नाही. मला रडू आलं आणि वीणा सांभाळायची असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

पुढे वैशालीताईंनी तशाच रीतीने ती माझ्याकडून घेतली आणि खुंटीला अडकवली.

परतीच्या वाटेवर आबा आपणहून बोलत होते. धरणाचं पाणी, भाताची खाचरं, मधेच माझ्या गाडी चालवण्यावर टीका. संध्याकाळी कुरवंड्याला पोचलो, तर देवळाच्या कट्ट्यावर सप्ताहाची मंडळी बसलेली. त्यांतल्या एका भाऊंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आबा, तुमच्या जागी दुसरा मानूस बगतोय आमी."

"बगू नका," आबा म्हणाले. "माजी वीणा म्या सुनंला दिलीया. पाया पडून दिलीया."

भाऊंनी खिशातून पाळ्यांचा कागद काढून उलगडला. मग ते भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पहाटंची पाळी हाय. उठनं व्हईल का?"

सप्ताह पुढच्या महिन्यात आहे. मी ऑफिसात रजा टाकली आहे.