हिराबाईंच्या वाफ्यातला दगड

पुण्याहून निघालो तेव्हा मांडीवरच्या पिशवीत सहा किलोचा दगड होता आणि डोक्यात राग. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी डिकीत टाका." मी म्हणालो, "हा पृथ्वीइतकाच म्हातारा आहे, डिकीत जाणार नाही." सिन्नरपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

राग कशाचा ते सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी निफाडजवळच्या एका मळ्यात, कांद्याच्या वाफ्यात, हा दगड भरदुपारी आभाळातून पडला. आमच्या कॉलेजचा भूगर्भशास्त्र विभाग तो तपासायला घेऊन आला. त्यात मीही होतो. उल्कापाषाणच निघाला. आमच्या विभागप्रमुखांनी त्यावर विश्वाच्या जन्माची कोडी सोडवणारी भाषणं ठोकली, हारतुरे घेतले, आणि दगड कपाटात गेला. गेल्या महिन्यात निवृत्त होताना मी ते कपाट उघडलं. दगडावर चिठ्ठी होती, "शोध : विभागप्रमुख". ज्या हिराबाईंनी तो आपल्या वाफ्यात पडताना पाहिला, त्यांचं नाव कुठेच नाही! नवे प्रमुख म्हणाले, "न्या सर, जागा तरी होईल." तेव्हा तर डोकंच फिरलं.

नाशिकला निफाडची एसटी डोळ्यांदेखत सुटली. शेवटी लासलगावला कांदा भरायला निघालेल्या एका पिकअपवाल्याने पुढे बसवून घेतलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा होत्या. एप्रिलची छाटणी झालेली, मांडवावर नुसत्या काड्या. ऊन डोळ्यांत घुसत होतं.

"हिराबाईंकडं?" पिकअपवाला हसला. "आभाळवाल्या हिराबाई! कुठंतरी विहिरीला सुरुंग लावला, त्याचा दगड उडून आला, अन् म्हातारीला वाटलं आभाळातून पडला."

"कशावरून?"

"तुमचे पुण्याचे लोक घेऊन गेले अन् गप बसले ना! खरा असता तर कळवलं नसतं का?"

पाण्याची बाटली तोंडाला लावून मी बाहेर बघत बसलो.

हिराबाई ओसरीवर कांदा निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पिशवीतून दगड काढताच उठून उभ्या राहिल्या. त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मग मला आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, ताक. मी जेवत होतो आणि हिराबाई दगडासमोर बसून होत्या.

"खरा हाय ना?"

"खरा आहे. आभाळातलाच आहे."

"कवा कळलं तुम्हाला?"

"नेला त्याच महिन्यात."

"मंग पत्र?"

निकाल कळवायचं पत्र टाकायचं काम माझ्याकडेच होतं. आज टाकू, उद्या टाकू करत राहून गेलं. पुण्यापासून ज्याला त्याला शिव्या घालत आलो होतो, त्यातल्या निम्म्या मलाच लागू होत्या. मी तसं सांगून टाकलं.

हिराबाईंचा आवाज चढला. "मालक मरेस्तोवर म्हणायचे, हिरे, तुला भास झाला. पाव्हण्यारावळ्यांत लय हसायचे मला. अन् तुम्ही तिथं ठाऊक असून बसले?" मग दगडाकडे बोट करून म्हणाल्या, "आला कुठून?"

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून, मी सांगितलं. सूर्याभोवती ग्रह तयार होत होते तेव्हाचा.

"त्याच्या आधी तिथं काय व्हतं?"

"धूळ, वायू. त्याच्याही आधीचं, अगदी सुरुवातीचं, अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"मंग तेवढं तरी सांगायला यायचं! माहीत नाय म्हणून."

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता.

"सांगा ह्यांना."

मी चाचरत म्हणालो, "हिराबाईंना भास झाला नव्हता. दगड आभाळातूनच पडला."

"जोरात सांगा," हिराबाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

मी ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, परत. मी परत ओरडलो, शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन उभी राहीपर्यंत. त्यांना काही मी बोलावलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं ते बरं झालं.

दगड तिथेच ठेवून मी परतीची एसटी पकडली. कंडक्टरने "कुठं?" विचारलं तर घशातून आवाज फुटेना, बोटाने दाखवावं लागलं. विश्व कधी सुरू झालं आणि कुठे संपेल, यावर मी तीस वर्षं वर्गात बोललो, माझा आवाज कधी बसला नव्हता. हे तर एका पोस्टकार्डाचं काम होतं. ते ज्याने वाचायला हवं होतं, तो फोटोतला माणूस जिवंत होता तोवर मला सवड झाली नाही.