राजापेठेतलं बिनखिळ्याचं घर

अकोल्याहून अमरावतीला बदली झाली आणि राजापेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं. घरमालकीण काकूंनी किल्ली देतानाच बजावलं, "भिंतीले खिळा ठोकाचा नाई. बाकी काईबी करा." बाकी काय राहिलं करायला, डोंबल! पण घर सजवायचंच, या हट्टाला मी पेटले, कारण रविवारी बाबा येणार होते.

बाबा भातकुलीजवळच्या आमच्या गावाहून अधूनमधून माझ्याकडे यायचे, तेही स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. नातवंड होईपर्यंत बापाने लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणजे माझ्या बापानं माझ्या घरी कधी घोटभर चहाही घ्यायचा नाही? त्या रिवाजाची मला भयंकर चीड यायची. बाबांची मात्र येत नसे. ते बाटली उघडताना माझ्याकडे बघायचे टाळत, ते मला दिसायचं.

दुकानातल्या पडद्यांचे भाव ऐकून मी आल्या पावली परतले आणि आईला फोन केला. तिनं जुन्या साड्या पाठवल्या, त्यांचे पडदे शिवले. फळवाल्याकडून लाकडी पेट्या आणल्या, घासून निळ्या रंगवल्या, एकावर एक रचून त्यांत पुस्तकं ठेवली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मनीप्लांट लावला.

"घर हाये का फळाचं दुकान?" नवरा म्हणाला.

"तू गपचूप दोरी बांध."

खिडकीच्या गजांना त्यानं दोरी बांधली, मी पडदे लटकवले. दोरीला मधोमध असा झोळ पडला, की पडदेच फरशी पुसायला लागले.

रविवारी बाबा येऊन टेकले आणि त्यांची नजर थेट पडद्यांवर गेली.

"हे तं तुया मायचं पातळ! मले म्हने, भांडेवालीले देल्लं अन् दूध तापवाले गंज घेतला. मंग तो नवा गंज आला कुठून?"

नवऱ्याला हसू आवरेना. मी म्हटलं, "बाबा, आईले काई बोलू नका."

"बोलाचं राहू दे. हा झोळ पाह्य पैले. जवाईबापूनं बांधली वाट्टे दोरी!" असं म्हणत ते स्टुलावर चढलेसुद्धा. नवऱ्यानं खालून स्टूल धरलं. बाबांनी गाठी सोडल्या, दोरी ताणली, पुन्हा बांधली. घामाघूम होऊन उतरले, पण पडदे कसे सरळ!

तेवढ्यात मी चहा टाकला होता. आमच्या वावरात कामाला आलेल्या माणसाला बाबा चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. कुणी नको म्हटलं, की भडकायचे, "काहून, माया घरचा चहा कडू लागते का?"

मी कप पुढे केला. "बाबा, आज तुमी कामाले आले. कामाच्या मानसानं चहा नाई घेतला तं घरधन्याले वाईट वाटते. तुमीच म्हनता."

बाबा कपाकडे बघत राहिले. आता बाटली काढतील, असं वाटून मला रागही आला आणि रडूही.

"लय चतरी हायेस," म्हणाले आणि कप घेतला. फुंकर मारत सगळा चहा प्यायले. मग खाली बघतच म्हणाले, "नातू येवो नाईतं न येवो. मी तं लेकीच्याच घरी येत होतो ना. येडा बयताड मी!"

मला तिथेच रडू फुटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"रडू नको वं. जेवाले काय केलं ते सांग."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांनी चहा तरी घ्यावा, एवढीच आस धरली होती. जेवतील असं मनात आणायचाही धीर झाला नव्हता. स्वयंपाक दोघांपुरताच केला होता. मी काही बोलायच्या आत नवरा परातीत कणीक काढत होता.