उंटाचं थांबणं

आमच्या कार्टून सिनेमाच्या ऑफिसात त्याला सगळे नकल्या म्हणतात. पगाराच्या कागदावर त्याचं काहीतरी भारदस्त पद लिहिलेलं आहे, पण काम एकच. कागदावरच्या प्राण्याला स्वभाव द्यायचा आणि त्या स्वभावाला शोभेल असा आवाज शोधायचा. माझं काम त्याच्या पुढचं. मी तोंडं काढते. लोकांना वाटतं, आधी चित्र हलतं आणि मग कोणीतरी त्यावर बोलतं. तसं नाही. आधी आवाज, मग तोंड. टेबलावर आरसा ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभर आ, ऊ, प करत बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी वेडी वाटते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

नकल्याला आईवडील आठवत नाहीत. काका-काकूंनी त्याला वाढवलं. काकांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारं. शाळा सुटली की पोरगं तिथे स्टुलावर बसायचं आणि नुकत्याच गेलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल करायचं. कानस चालवता चालवता काका पोट धरून हसायचे. पण त्यांचा एक कायदा होता. "नक्कल करायची तर माणसाच्या तोंडावर. पाठीमागे केलीस की ती चहाडी." मग तेच गिऱ्हाईक किल्ली न्यायला परत आलं की काका म्हणायचे, "हां, आता कर." पोराची बोबडी वळायची. पण करायचा. बहुतेक गिऱ्हाइकं हसायची आणि एकाने कान पिळला होता, असं तो सांगतो.

गेल्या सिनेमात आम्हाला एक म्हातारा उंट हवा होता. सगळे रस्ते ठाऊक असलेला, पण ऐन वेळी शब्द न सापडणारा. "उंटावरचे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत," दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "मला शहाणा उंट हवाय." चांगले चांगले नट येऊन गेले. सगळे थांबायचे, पण थांबताना पुढचा शब्द त्यांच्या डोळ्यांत आधीच दिसायचा. बाई वैतागल्या.

एका दुपारी डबा खाताना नकल्या बोलता बोलता मध्येच थांबला. ओठ हलवले, काहीतरी चघळत असल्यासारखे. छताकडे बघितलं. आणि भलताच शब्द इतक्या खात्रीने ठोकून दिला, की आम्हा सगळ्यांना ठसका लागला. बाई हातातला घास तसाच ठेवून उठल्या. "हाच माझा उंट! कोण आहे हा?"

"आहे असाच एक," नकल्या म्हणाला.

ते काका होते. दुकान बंद केल्यापासून घरी बसलेले काका. बोलताना त्यांचा शब्द अडायचा आणि काकू तो लगेच पुढे करायची, जेवताना मीठ पुढे करावं तसा. पण नकल्याला थांबणं अभ्यासायचं होतं आणि काकू ते लांबू देत नव्हती. म्हणून तो म्हणाला, "काकू, तू सांगू नकोस ना. बघू या त्यांना आठवतं का." काकूला वाटलं, पोरगं शिकलेलं आहे, डोक्याला व्यायाम देत असेल. ती गप्प राहायला लागली. टेबलावर त्याचा फोन पडलेला असायचा, रेकॉर्डिंग चालू.

एकदा काका दाराशी उभे होते. "अगं, दार उघडायला लागते ती... ती..." जन्म गेला होता त्यांचा किल्ल्या घासण्यात. काकूचे ओठ उघडले. नकल्याने आपल्या ओठांवर बोट ठेवून तिला खुणेनेच थांबवलं. काका कितीतरी वेळ तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, "चमचा!" आणि स्वतःच हसले. ते वाक्य सिनेमात जसंच्या तसं गेलं. नकल्याच्या आवाजात, पण थांबणं काकांचं. ते ओठांचं चघळणं मी चित्र चित्र करून काढलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

पुढे काका नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकले, तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार. वाढणारा, न परतणारा. डॉक्टर म्हणाले, "शब्द अडला की लगेच सांगत जा. अडकवून ठेवलंत तर ते घाबरतात. वरून हसले तरी आतून घाबरतात." काकूने फक्त नकल्याकडे बघितलं. हे त्याने मला ऑफिसच्या जिन्यात सांगितलं आणि पायरीवरच बसून रडला. "माझ्यामुळे आजार झाला नाही, कळतं मला," तो म्हणाला. "पण मी त्यांना तसं उभं ठेवलं ना गं."

मी कुठल्या तोंडाने समजूत घालणार?

तो बाईंकडे गेला. उंटाचा आवाज बदला म्हणाला. बाई दुष्ट नाहीत, पण हात दगडाखाली. सगळी तोंडं त्याच आवाजावर बेतलेली, आवाज बदलला तर उंट खोटा पडणार. मग निदान थांबण्याच्या जागा भरू, म्हणाला. पण तिथे तोंड मिटलेलं. मिटलेल्या तोंडातून शब्द कसा काढणार? शेवटी उंट अडखळला की बाकीचे प्राणी हसायचे, तेवढं हसणं बाईंनी काढून टाकलं. त्यानंतर नकल्याने ऑफिसात कोणाचीच नक्कल केली नाही. पलीकडच्या टेबलावर कोणी हसलं, तरी हा दचकायचा. चोराच्या मनात चांदणं.

घरच्यांसाठी पहिला खेळ ठेवला होता. जागा नाहीत अशी थाप मारायचं त्याने ठरवलं होतं, पण काकांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोराचा सिनेमा आहे म्हणून. काकूने शर्टाला इस्त्री केली होती. तिघं माझ्या पुढच्या रांगेत बसली, काका मध्ये. उंट पडद्यावर आला आणि नकल्याने पडद्याकडे बघणं सोडलं. तो काकांकडेच बघत होता. ओळखतील का? ओळखलं तर पुन्हा बोलतील का त्याच्याशी?

काका पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले. दुसऱ्यांदा कमी हसले. मग पुढे सरकून बसले.

उंट दारापाशी आला. "दार उघडायला लागते ती... ती..."

हसायला टेकलेलं थिएटर खुसखुसू लागलं. प्राण्यांचं हसणं आम्ही काढलं होतं, माणसांचं कसं काढणार? काकांनी नकल्याचं मनगट पकडलं.

"हसतात काय हे लोक?" ते मोठ्याने म्हणाले. "त्याचा शब्द अडलाय. तू सांग ना रे त्याला."

काकूने मान वळवून नकल्याकडे बघितलं.

"किल्ली," तो म्हणाला. अगदी हळू. मग जोरात, "किल्ली!"

त्यांच्या पुढच्या रांगेतून कोणीतरी "शूऽऽ" केलं. पडद्यावर उंटाने मी काढलं होतं तितकं सगळं चघळून घेतलं, वर बघितलं आणि म्हणाला, "चमचा!"

थिएटर फुटलं हसून. काकांनी मनगट सोडलं नाही.

"उशीर केलास रे," ते म्हणाले. "आधी सांगायचं होतंस." आणि पोराला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या हातावर थोपटत राहिले.