भाषणावर घेतलेला आमदार

मला आमदाराने फसवलं नाही. आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी फसवलं, आणि ते अजूनही माझ्याकडे चहाला येतात.

तेव्हा मी पाचोऱ्याकडे बैलबाजारात दलाली करायचो. बाजारात जनावरांसाठी हौद नव्हता. उन्हाळ्यात शेतकरी विचारायचा, "भाऊ, पानी कोठे शे?" नाही म्हटलं की दावं सोडून सरळ जामनेरच्या बाजाराला. त्या हौदापायी माझा धंदा बसत चालला होता.

आधीचा आमदार म्हातारा. व्यासपीठावर चढला की दलाल हटवा, सगळा व्यापार सरकारने ताब्यात घ्यावा. मी त्याच्या सावलीलाही उभा राहिलो नाही. निवडणूक लागली तेव्हा गुरुजी म्हणाले, "भाऊ, समोरचा बघा. व्यापाऱ्याला मोकळीक द्या म्हणतो. तुमच्याच विचाराचा." गाडीची चाकं बांधून ओढायला लावून जोर पाहिल्याशिवाय मी आयुष्यात एक बैल घेतला नाही. हा आमदार नुसत्या भाषणावर घेतला. वर माझी जीप प्रचाराला दिली.

तो निवडून आला. हौदाचा अर्ज घेऊन गेलो, तर मोकळीकवाल्याने चार वेळा दारात बसवलं. त्याचा माणूस म्हणाला, "साहेबांना विचारल्याशिवाय तालुक्यात खड्डासुद्धा खणायचा नाही."

बाहेर पडलो तर टपरीवर हरलेला म्हातारा चहा पीत बसलेला. आमदार असताना भाजीबाजाराचे ओटे त्यानेच केले होते. व्यापाऱ्यांना विचारून जागा ठरवली आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली.

"माझ्याकडे का नाही आलास रे?"

"आबा, तुम्ही दलाल हटवा म्हणायचे!"

"ते भाषणात. हौदातलं पाणी काय दलाल पितो?"

टपरीवरचे सगळे हसले. मी तसाच तणतणत गुरुजींच्या घरी गेलो.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्याचे विचार तुमचेच आहेत, भाऊ. कारभाराची पद्धत वेगळी गोष्ट असते."

"मग ती गोष्ट मतदानाआधी का नाही सांगितली?"

"तुम्ही विचारली नाही."

पाच वर्षं हौद झाला नाही. निम्मं गिऱ्हाईक जामनेरला गेलं ते गेलंच.

आमच्या बाजारात जनावर खोटं निघालं तर आधी मध्यस्थाची गचांडी धरतात. या सौद्यात मध्यस्थ तुम्ही होता, गुरुजी. चहा नंतर. आधी माझ्या गिऱ्हाइकाचा जबाब द्या.